मानसशास्त्राच्या उंबरठ्यावरील तीन अर्ज

विद्यापीठाकडे केलेला प्रवेशाचा अर्ज हा वरकरणी अगदीं कोरडा कागद असतो. नांव, वय, आजवर झालेलें शिक्षण, एकदोन गुरुजनांचीं शिफारसपत्रें आणि तळाशीं सही, एवढाच त्याचा पसारा. होकार वा नकार मिळाला म्हणजे तो कचेरीच्या दप्तरांत जातो आणि पुढें कोणी त्याची वास्तपुस्त करीत नाहीं. परंतु क्वचित् एखादा अर्ज असा निघतो कीं, त्याच्या निमित्तानें अर्जदाराची योग्यता जितकी कळते, त्याहून विद्यापीठाची वृत्ति अधिक स्पष्टपणें कळून येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेंतील तीन स्त्रियांनीं केलेले अर्ज या जातीचे होते. ख्रिस्तीन लॅड, मार्गारेट वॉशबर्न आणि मेरी कॅल्किन्स हीं त्यांचीं नांवें. पुढें तिघींनींही मानसशास्त्रांत कीर्ति मिळविली. तिघींच्याही विद्वत्तेविषयीं त्यांच्या गुरूंना शंका नव्हती. तथापि तिघींना मिळालेलीं उत्तरें मात्र तीन तऱ्हांचीं होतीं.

हीं उत्तरें समजून घेण्यासाठीं त्या काळची परिस्थिति ध्यानांत आणली पाहिजे. मानसशास्त्राची पदवी ही वस्तु तेव्हां नुकतीच जन्मास येत होती. मनाचा विचार तत्त्वज्ञानाच्या घरांतच वाढलेला. त्याला प्रयोगाची जोड मिळून स्वतंत्र शास्त्राचें रूप येऊं लागलें होतें. १८७८ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें जी. स्टॅन्ली हॉल यांस या विषयांतील अमेरिकेंतली पहिली डॉक्टरेट दिली आणि पुढच्याच वर्षीं जर्मनींत लाइप्त्सिग येथें विल्हेल्म वुंट यांनीं आपली सुप्रसिद्ध प्रयोगशाळा सुरू केली. पुढील दहापंधरा वर्षें अमेरिकेंत मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग क्वचितच आढळे. विषय तत्त्वज्ञानाच्या विभागांत शिकविला जाई आणि प्रयोगाचीं साधनें एखाद्या अडगळीच्या खोलींत मांडलेलीं असत. अशा दिवसांत अर्जदाराला छापील नियमांचा आधार थोडाच. ग्रीक-लॅटिन व तत्त्वज्ञान यांची चांगली तयारी, जर्मन ग्रंथ वाचतां येण्याइतकें भाषाज्ञान, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एखाद्या प्राध्यापकाची संमति, यांवर सर्व भिस्त असे. प्राध्यापकानें हात धरला म्हणजे विद्यार्थी प्रयोगशाळेंत पोंचला, असा व्यवहार होता.

स्त्रियांच्या बाबतींत या व्यवहाराला एक गांठ होती. व्हॅसर, स्मिथ, वेल्सली यांसारखीं स्त्रियांचीं कॉलेजें निघालेलीं असल्यामुळें बी. ए.पर्यंतची वाट मोकळी झाली होती. परंतु त्यापुढचें शिक्षण पुरुषांच्या जुन्या विद्यापीठांत होतें, आणि तेथें प्राध्यापकाच्या संमतीवर नियामक मंडळाची संमति लागे. प्राध्यापकाला विद्यार्थ्याची बुद्धि दिसे. मंडळाला पायंडा दिसे. एकीला पदवी दिली तर उद्यां दहाजणी येऊन उभ्या राहतील, ही भीति त्या काळच्या कित्येक ठरावांच्या मुळाशीं आहे.

पहिला अर्ज १८७८ सालचा. ख्रिस्तीन लॅड या व्हॅसर कॉलेजच्या १८६९ सालच्या पदवीधर. शाळेंत शिकवितां शिकवितां त्या लंडनच्या 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकाकडे गणिताचे प्रश्न व त्यांचीं उत्तरें पाठवीत असत. दोन वर्षांपूर्वींच बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडलें होतें आणि तेथें विख्यात इंग्रज गणिती जेम्स सिल्व्हेस्टर हे प्राध्यापक होते. लॅडबाईंचा अर्ज आला तेव्हां त्या नियतकालिकांतील लेखनामुळें सिल्व्हेस्टर यांस अर्जदाराचें नांव परिचयाचें होतें, आणि त्यांनीं तिला घ्यावें असा आग्रह धरला. विद्यापीठ स्त्रियांस प्रवेश देत नसे. म्हणून प्रथम एकट्या सिल्व्हेस्टर यांच्या व्याख्यानांस बसण्याची मुभा मिळाली. त्यांचें काम पाहून पुढें इतर व्याख्यानांचीही मिळाली. शिष्यवृत्तीचे पैसेही देण्यांत आले. मात्र शिष्यवृत्तिधारकांच्या छापील यादींत त्यांचें नांव येणार नाहीं, अशी दक्षता घेण्यांत आली. पैसा दिला, विद्या दिली. फक्त दिल्याचा पुरावा ठेवला नाहीं.

१८८२ सालीं त्यांचा तर्कशास्त्रावरील प्रबंध पुरा झाला. चार्ल्स पर्स यांच्या मार्गदर्शनाखालीं लिहिलेला हा प्रबंध पुढच्या वर्षीं पर्स यांनीं संपादिलेल्या ग्रंथांत छापूनही आला. डॉक्टरेटसाठीं आणखी कांहीं करावयाचें उरलें नव्हतें. पदवी मात्र मिळाली नाहीं. त्याच वर्षीं गणितज्ञ फेबियन फ्रँकलिन यांच्याशीं विवाह होऊन त्या लॅड-फ्रँकलिन झाल्या. नंतर त्यांचें लक्ष दृष्टीच्या मानसशास्त्राकडे वळलें. १८९१-९२ मध्यें त्यांनीं जर्मनींत ग्योटिंगेन व बर्लिन येथील प्रयोगशाळांत काम केलें आणि १८९२ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेंत रंगज्ञानाविषयींची आपली उपपत्ति मांडली. प्राण्यांच्या डोळ्यास आधीं केवळ उजेड-अंधाराचें ज्ञान असावें, मग निळ्या-पिवळ्याचें यावें आणि तांबड्या-हिरव्याचें सर्वांच्या शेवटीं, असें त्यांचें म्हणणें होतें. जें सर्वांत नवें तें सर्वांत कच्चें, म्हणूनच तांबड्या-हिरव्याचा भेद न कळणारीं माणसें इतर रंगांधांपेक्षां अधिक आढळतात, असा त्याचा उलगडा त्यांनीं केला. एवढी योग्यता असूनही कायमची प्राध्यापकी त्यांना कधींच मिळाली नाहीं. कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं अनेक वर्षें व्याख्यानें दिलीं, तीं बहुतेक विनावेतन. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव १९२६ सालीं झाला, तेव्हां त्यांची पीएच्. डी. त्यांच्या हातीं पडली. प्रबंध लिहून चव्वेचाळीस वर्षें लोटलीं होतीं आणि बाईंचें वय अठ्ठ्याहत्तर होतें.

दुसरा अर्ज मार्गारेट वॉशबर्न यांचा. १८९१ सालीं व्हॅसर कॉलेजांतून बाहेर पडतांच त्यांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जेम्स मॅक्कीन कॅटेल यांच्या हाताखालीं शिकण्याचें ठरविलें. कॅटेल हे वुंट यांचे शिष्य आणि नव्या प्रयोगशाळेचे चालक. कोलंबियाच्या विश्वस्तांनीं बराच विचार करून वॉशबर्नबाईंस वर्गांत बसूं दिलें, परंतु विद्यार्थिनी म्हणून नव्हे. केवळ श्रोती म्हणून. पुरुष विद्यार्थ्यांइतकेंच काम कॅटेल त्यांच्याकडून करून घेत. मात्र वर्षाअखेरीस या विद्यार्थिनीला त्यांनीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली: येथें राहिल्यास ज्ञान मिळेल, पण पदवी व शिष्यवृत्ति मिळणार नाहीं, कॉर्नेल विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचें नवें विद्यालय निघालें आहे, तेथें अर्ज करावा. आपली उत्तम शिष्या दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचें औदार्य सर्वच गुरूंच्या ठिकाणीं असतें असें नाहीं.

कॉर्नेल विद्यापीठानें आपल्या स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत स्त्रियांस प्रवेश दिला होता. तेथें अर्ज मान्य होण्यास कांहीं अडचण पडली नाहीं. १८९२ सालीं लाइप्त्सिगहून नुकतेच आलेले एडवर्ड टिचनर हे अवघ्या पंचवीस वर्षांचे तरुण प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक झाले. स्पर्शानें अंतर व दिशा ओळखतांना डोळ्यांपुढें उभ्या राहणाऱ्या प्रतिमेचा काय परिणाम होतो, हा प्रबंधाचा विषय होता. १८९४ च्या जून महिन्यांत वॉशबर्नबाईंस पीएच्. डी. मिळाली, मानसशास्त्रांत ही पदवी मिळविणारी ही पहिली स्त्री. टिचनर यांनीं तो प्रबंध वुंट यांच्याकडे धाडला आणि तो त्यांच्या जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें १९०८ सालीं वॉशबर्नबाईंनीं प्राण्यांच्या मनाविषयीं 'द ॲनिमल माइंड' हा मोठा ग्रंथ लिहिला. १९२१ सालीं त्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघाच्या अध्यक्ष झाल्या आणि १९३१ सालीं त्यांची राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. या कथेला एक कडू शेवटही आहे. ज्या टिचनर यांनीं स्त्रीला पहिली डॉक्टरेट दिली, त्यांनींच १९०४ सालीं प्रयोगकर्त्यांचें एक मंडळ काढलें आणि त्यांत स्त्रियांस मज्जाव केला. लॅड-फ्रँकलिन यांनीं त्यांना पत्रांवर पत्रें लिहून जाब विचारला, पण उपयोग झाला नाहीं. १९२७ सालीं टिचनर वारल्यावर मंडळाची पुनर्रचना झाली आणि १९२९ सालीं त्यांची पहिली शिष्या त्यांत बसली.

तिसरा अर्ज सर्वांत बोधप्रद आहे. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांचा जन्म १८६३ सालीं झाला. वडील धर्मोपदेशक, मुलीच्या शिक्षणाविषयीं दक्ष. स्मिथ कॉलेजांतून १८८५ सालीं पदवी घेऊन आणि यूरोपचा प्रवास करून आल्यावर १८८७ सालीं त्या वेल्सली कॉलेजांत ग्रीक भाषा शिकवूं लागल्या. कॉलेजला मानसशास्त्राचा नवा अभ्यासक्रम सुरू करावयाचा होता, परंतु तो शिकविणारी शिक्षिका मिळेना; कारण हा विषय शिकलेली स्त्रीच कोठें नव्हती. तेव्हां कॉलेजनें आपल्या या बुद्धिमान् ग्रीक शिक्षिकेस सांगितलें कीं, एक वर्ष मानसशास्त्राचा अभ्यास करून या आणि हा विषय घ्या. शिकविण्याची जागा तयार होती. शिकण्याची जागा शोधावयाची होती.

वेल्सलीहून हार्वर्ड जवळ आणि तेथें विल्यम जेम्स व जोसाया रॉइस यांसारखे आचार्य. दोघांचीही शिकविण्याची तयारी होती, पण हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना स्त्री-पुरुषांनीं एका वर्गांत बसणें मान्य नव्हतें. मग कॅल्किन्सबाईंच्या वडिलांनीं विनंतिअर्ज लिहिला, वेल्सलीच्या अध्यक्षांनीं त्याला पुष्टि देणारें पत्र जोडलें, जेम्स व रॉइस यांनीं आपलें वजन खर्च केलें. १ ऑक्टोबर १८९० रोजीं मंडळानें परवानगी दिली, पण ती देतांना दप्तरांत एक वाक्य मुद्दाम नोंदविलें. या सवलतीमुळें कॅल्किन्सबाई विद्यापीठाच्या नोंदणीस पात्र अशा विद्यार्थिनी होत नाहींत, असा त्याचा आशय होता. पाहुणीला जेवूं घालण्यास हरकत नव्हती. पंगतींत पाट मात्र मांडावयाचा नव्हता.

जेम्स यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' हा महाग्रंथ त्याच वर्षीं बाहेर पडलेला. त्यांच्या वर्गांत त्या सत्रीं मोजकेच पुरुष विद्यार्थी होते. त्यांनीं एकामागून एक वर्ग सोडला. शेवटीं ग्रंथालयांतील शेकोटीच्या एका बाजूस जेम्स आणि दुसऱ्या बाजूस ही एकटी विद्यार्थिनी, असा तो वर्ग चालला. एका वर्गांत स्त्री-पुरुष बसूं नयेत या मंडळाच्या चिंतेला नियतीनेंच असें उत्तर दिलें. प्रयोगाची बाजू त्यांनीं क्लार्क विद्यापीठांतील एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे खासगी रीतीनें शिकून घेतली आणि १८९१ सालीं वेल्सलीस परत येऊन तेथें मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. स्त्रियांच्या कॉलेजांतली ही पहिली प्रयोगशाळा. खर्च सुमारे २०० डॉलर, पन्नासांवर विद्यार्थिनी. सॅनफर्ड यांच्यासह त्यांनीं स्वप्नांचीही पद्धतशीर नोंद ठेवली. रात्रीं गजर लावून उठावें आणि नुकतेंच पाहिलेलें स्वप्न तेथल्या तेथें लिहून काढावें, अशी पद्धति. बाईंनीं स्वतःचीं २०५ स्वप्नें टिपलीं आणि स्वप्नांचे धागेदोरे बहुधा दिवसाच्या साध्या अनुभवांशींच जोडलेले असतात, असा निष्कर्ष १८९३ सालीं प्रसिद्ध केला.

पण एका वर्षाच्या अभ्यासानें त्यांचें समाधान झालें नव्हतें. १८९२ सालीं जर्मनींतून ह्यूगो म्यून्स्टरबेर्ग हे हार्वर्डच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांच्याकडे काम करण्याची परवानगी कॅल्किन्सबाईंनीं मागितली. पुन्हां अर्ज, पुन्हां शिफारसपत्रें आणि पुन्हां पाहुणी म्हणून प्रवेश. तेथें त्यांनीं स्मृतीचा जो प्रयोग योजिला तो मानसशास्त्रांत कायमचा राहिला. प्रयोगाला बसलेल्या माणसास आधीं एक रंग दाखवावयाचा, लगेच एक आंकडा; मग दुसरा रंग, दुसरा आंकडा. अशी जोड्यांची एक मालिका संपली म्हणजे केवळ रंग, क्रम बदलून, पुन्हां दाखवावयाचे आणि कोणत्या रंगाबरोबर कोणता आंकडा होता तें आठवावयास सांगावयाचें. कांहीं आंकडे ठळक अक्षरांत दाखविले, कांहीं जोड्या पुन्हां पुन्हां दाखविल्या, कांहीं अगदीं आरंभीं तर कांहीं अगदीं शेवटीं ठेवल्या. ठळकपणा, नवेपणा, आरंभींचें स्थान या सर्वांपेक्षां पुनरावृत्तीच अधिक उपयोगी पडते, असें दिसून आलें. पाठांतराची थोरवी जाणणाऱ्या कोणत्याही समाजाला या निष्कर्षाचें नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें मापनाच्या पद्धतीचें. जोड्या लावून स्मृति मोजण्याची ही रीत जगभरच्या प्रयोगशाळांत पुढें रूढ झाली.

२३ ऑक्टोबर १८९४ रोजीं म्यून्स्टरबेर्ग यांनीं हार्वर्डच्या मंडळास लिहिलें कीं, प्रयोगशाळेंत आलेल्या सर्व विद्यार्थ्यांत ही विद्यार्थिनी सरस आहे, तरी तिला पीएच्. डी.ची उमेदवार म्हणून मान्यता मिळावी. आठवड्याच्या आंतच मंडळानें नकार कळविला. तेव्हां तत्त्वज्ञान विभागानें एक विलक्षण गोष्ट केली. मंडळाच्या आज्ञेचा भंग न करतां, परंतु डॉक्टरेटच्या परीक्षेचे सर्व नियम पाळून, १८९५ च्या वसंत ऋतूंत विभागानें कॅल्किन्सबाईंची अनधिकृत परीक्षा घेतली. जेम्स, रॉइस, म्यून्स्टरबेर्ग, पामर, सांतायाना असे परीक्षक समोर बसले. परीक्षा संपल्यावर उमेदवारानें डॉक्टरेटच्या सर्व अटी पुऱ्या केल्या आहेत, असें त्यांनीं एकमतानें मंडळास लिहून कळविलें. हार्वर्डमध्यें झालेल्या अशा परीक्षांत हिच्याइतकी तेजस्वी परीक्षा कोणी दिली नाहीं, असा जेम्स यांचा अभिप्राय होता. मंडळानें विभागाचें पत्र दप्तरीं दाखल करून घेतलें. पदवी दिली नाहीं.

ज्या शास्त्राच्या दारांत हें घडत होतें, तेंच शास्त्र त्या वेळीं स्त्रीच्या बुद्धीचें माप घेण्यांत गुंतलेलें होतें, हें विसरतां कामा नये. विस्कॉन्सिनचे जोसेफ जॅस्ट्रो यांनीं १८९१ सालीं पंचवीस पुरुष व पंचवीस स्त्रिया यांच्याकडून शंभर शंभर शब्द लिहवून घेतले आणि स्त्रियांची कल्पना वस्त्रप्रावरणें, घर, सजावट यांभोंवतीं अधिक फिरते, असें अनुमान काढलें. वेल्सलींत तोच प्रयोग करून पाहतां निराळे आंकडे हातीं आले. ते १८९५ सालीं प्रसिद्ध झाले. कॅल्किन्सबाईंचा मुद्दा साधा होता: मुलामुलींना पाळण्यापासून भिन्न वातावरणांत वाढवावयाचें आणि मग दिसणारा फरक निसर्गाच्या नांवावर खपवावयाचा, हें शास्त्र नव्हे. पुढें शिकागो विद्यापीठांत हेलन थॉम्प्सन यांनीं १९०० सालीं याच प्रश्नावर डॉक्टरेट मिळविली. पंचवीस पुरुष व पंचवीस स्त्रिया यांच्या इंद्रियशक्ति, स्मृति, बुद्धि यांची कसून तपासणी करून त्यांनीं दाखविलें कीं, फरक आहेत ते थोडे आहेत, आणि त्यांपैकीं बरेचसे शिक्षणानें व सामाजिक अपेक्षांनीं घडलेले असणें शक्य आहे. जें विद्यापीठ प्रवेश देतांना स्त्री-पुरुष असा भेद करीत नव्हतें, तेथेंच या प्रश्नाचा निर्मळ तपास व्हावा, हा केवळ योगायोग म्हणतां येणार नाहीं.

हार्वर्डची गोष्ट मात्र १८९५ मध्यें संपली नाहीं. हार्वर्डचेच प्राध्यापक ज्या स्त्रियांच्या कॉलेजांत जाऊन शिकवीत, त्या रॅडक्लिफ कॉलेजनें १९०२ सालीं तोड काढली. हार्वर्डमध्यें डॉक्टरेटचें काम पुरें केलेल्या चार स्त्रियांस रॅडक्लिफची पीएच्. डी. द्यावी, असा तो विचार. त्या चौघींत कॅल्किन्सबाई होत्या. इतरांनीं ती पदवी स्वीकारली, आणि त्यांत वावगें कांहीं नव्हतें. पोटापाण्याच्या जगांत नांवापुढच्या अक्षरांना मोल असतें. कॅल्किन्सबाईंनीं नम्रपणें नकार दिला. त्या वेळीं त्यांनीं लिहिलेल्या पत्राचा आशय मननीय आहे. या पदवीला लोक हार्वर्डच्या पदवीइतकाच मान देतील, हें त्यांनीं मान्य केलें. पदवी नसल्यामुळें आपली प्रसंगीं गैरसोय होते, हेंही लपविलें नाहीं. आतां ही पर्यायी पदवी निघाल्यावर हार्वर्डची पदवी स्त्रियांस कधीं मिळेल कीं नाहीं याची शंकाच वाटते, असेंही त्या म्हणाल्या. परंतु रॅडक्लिफनें डॉक्टरेट देऊं नये यांतच शिक्षणाच्या ध्येयांचें हित आहे, अशी आपली श्रद्धा असल्यामुळें सोपा मार्ग पतकरणें आपणांस उचित नाहीं, असा त्यांचा निर्णय होता.

या नकाराकडे हट्ट म्हणून पाहणें सोपें आहे; त्या काळींही कित्येकांना तसें वाटलें असेल. परंतु अर्जदाराच्या दृष्टीनें विचार केला म्हणजे त्याचें मर्म कळतें. शिक्षण झालें हार्वर्डमध्यें, परीक्षा घेतली हार्वर्डच्या आचार्यांनीं, प्रबंधाचें काम झालें हार्वर्डच्या प्रयोगशाळेंत. आणि पदवीपत्रावर नांव येणार दुसऱ्याच संस्थेचें. पदवी म्हणजे ज्ञान नव्हे, पण ज्ञान कोठें व कसें मिळालें याची ती साक्ष असते. साक्षच खोटी असेल तर तिचा मान कितीही मोठा असो, ती सोयीची खोटी साक्षच. शिवाय आपण ती घेतली तर हार्वर्डवरील नैतिक ओझें उतरेल आणि मागून येणाऱ्या मुलींना सवत्या पंगतीचीच संवय लागेल, ही त्यांची भीति अनाठायीं नव्हती. रॅडक्लिफमध्यें शिकलेल्या स्त्रियांस हार्वर्डच्या पदव्या मिळूं लागल्या त्या १९६३ सालीं.

पदवीवांचून त्यांचें काम अडलें नाहीं, हेंही खरें. १९०१ सालीं त्यांचें मानसशास्त्राचें पाठ्यपुस्तक निघालें आणि १९०७ सालीं तत्त्वज्ञानाच्या चिरंतन प्रश्नांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनाचे तुकडे पाडून त्यांची मोजदाद करण्यापेक्षां जाणणारा 'स्व' हाच मानसशास्त्राचा मूळ विषय मानावा, हें मत त्यांनीं जन्मभर आग्रहानें मांडलें. १९०५ सालीं त्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघाच्या आणि १९१८ सालीं अमेरिकन तत्त्वज्ञान संघाच्या अध्यक्ष झाल्या. दोन्ही ठिकाणीं हा मान मिळविणारी पहिली स्त्री त्याच. हार्वर्डच्याच पदवीधर विद्वानांनीं १९२७ सालीं विद्यापीठाकडे अर्ज केला कीं, आतां तरी या बाईंस त्यांची पदवी द्यावी. तसें करण्यास पुरेसें कारण दिसत नाहीं, असें उत्तर आलें. २६ फेब्रुवारी १९३० रोजीं कॅल्किन्सबाई वारल्या. लॅड-फ्रँकलिनही त्यानंतर आठवड्याभरांतच वारल्या. एकीच्या नांवापुढें उशिरां आलेली पदवी होती, दुसरीच्या नांवापुढें ती कधींच आली नाहीं.

हें सर्व अमेरिकेंत घडलें. पण महाराष्ट्राला तें अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्या कायदा शिकण्यासाठीं ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ सालीं बी. सी. एल.ची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. परीक्षा घेतली गेली. पदवी मात्र तीस वर्षांनीं, १९२२ सालीं, हातीं आली. मुंबई-कलकत्त्याचीं नवीं विद्यापीठें १८८० नंतरच्या दशकांत स्त्रियांस बी. ए. करीत असतां पश्चिमेकडील पुराणप्रसिद्ध विद्यापीठें कां-कूं करीत होतीं, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. मानसशास्त्राचा धागाही येथवर येऊन पोंचतो. म्यून्स्टरबेर्ग यांच्याच हाताखालीं हार्वर्डमध्यें शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनीं स्वदेशीं परतून कलकत्ता विद्यापीठांत या शास्त्राचें शिक्षण उभें केलें; १९१६ सालीं तेथें निघालेला मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग हा भारतांतील पहिला. कॅल्किन्सबाई ज्या प्रयोगशाळेंत पाहुणी म्हणून वावरल्या, त्याच प्रयोगशाळेची विद्या अशा रीतीनें गंगेच्या कांठीं आली.

आज अमेरिकेंत मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळविणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या अधिक आहे, आणि भारतांतील कॉलेजांतही या विषयाचे वर्ग मुलींनीं भरलेले असतात. प्रवेशासाठीं अर्ज करणारी मुलगी आपले गुण, आपलीं शिफारसपत्रें आणि आपल्या आवडीचा विषय यांचीच काय ती काळजी करते; आपण स्त्री आहों याबद्दल मंडळाची क्षमा मागावी लागेल, असें तिच्या मनांतही येत नाहीं. तें मनांत येत नाहीं, हेंच त्या तीन अर्जांचें फळ. लॅडबाईंनीं नांव छापलें जात नसतांही अभ्यास पुरा केला. वॉशबर्नबाईंनीं बंद दारापाशीं न थांबतां उघडें दार गांठलें. कॅल्किन्सबाईंनीं आडवाटेनें हातीं येणारा मान नाकारून आपला हक्काचा अर्ज अखेरपर्यंत मागें घेतला नाहीं. हार्वर्डच्या दप्तरांत तो आजही आहे आणि त्यावर तिच्या परीक्षकांचा एकमुखी निकालही आहे. पदवीपत्र तेवढें लिहावयाचें राहून गेलें.